धरणाखाली स्किपजॅक हेरिंग कसे पकडायचे? (कॅटफिशच्या आमिषासाठी)

शिंगाळा_टेनेसी:
मंडळी, टेनेसी नदीवर पिकविक धरणाच्या खाली काठावरून स्किपजॅक कोणी पकडतं का? मला मोठ्या ब्लू कॅटफिशसाठी आमिष हवंय. फ्रोझन पाकिटं मिळतात पण बर्फ उतरला की मांस इतकं मऊ पडतं की गरीवर टिकतच नाही, दोनदा फेकलं की नुसती कातडी परत येते, म्हणून म्हटलं आपणच ताजे पकडावेत. शनिवारी सकाळी गेलो तर पाणी एकदम शांत, पांढरे जिग (वजन लावलेल्या गरीचं खोटं आमिष) टाकून टाकून खांदा दुखायला लागला, एक झटका नाही. शेजारी एक आजोबा होते ते म्हणाले संध्याकाळी ये, आणि सामान आवरून निघून गेले. तर संध्याकाळी नेमकं काय बदलतं? जिगचा रंग, साइज, की माझी जागाच बरोबर नाहीये? आणि हातात आल्यावर गिझर्ड शॅड कुठला आणि स्किपजॅक कुठला हे कसं ओळखायचं, दोन्ही चंदेरीच. एअर पंप लावलेली बादली आहे माझ्याकडे, तीत जिवंत राहतील का?

गरीवाला:
भाऊ, जिग बदलायच्या आधी पाणी बघ. आजोबा बरोबर बोलले. संध्याकाळी विजेची मागणी वाढते, टर्बाइन सुरू होतात, पाणी धावायला लागतं आणि स्किपजॅक येतो तो त्या धावत्या पाण्याला. धरणामुळे त्याची वरची वाट बंद झालेली असते त्यामुळे तो तिथेच गोळा होतो, आणि वरच्या तलावातले छोटे थ्रेडफिन शॅड टर्बाइनमधून मार खाऊन अर्धमेले होऊन खाली येतात, ते त्याला आयते मिळतात. टर्बाइन बंद असलं की यातलं काहीच नाही, मग तू सोन्याचा जिग टाक, उपयोग नाही. टीव्हीए म्हणजे इथली धरणं चालवणारी सरकारी वीज संस्था, तिचं ॲप आहे फोनवर, त्यात प्रत्येक धरणातून कुठल्या तासाला किती घनफूट पाणी सोडणार ते दिसतं, मी ते बघितल्याशिवाय घरातून निघतच नाही.

जागा म्हणशील तर थेट टर्बाइनखालच्या उसळत्या पाण्यात टाकू नकोस. धावतं पाणी आणि शेजारचं संथ पाणी जिथे एकमेकांना घासत जातं ना, ती रेघ डोळ्यांना दिसते, फेस तिच्यावरूनच वाहत असतो. त्या रेघेच्या पलीकडे फेकायचं आणि प्रवाहानेच जिग रेघेवर वळत आणू द्यायचा, मध्ये मध्ये रॉडच्या टोकाला हलका झटका. पक्षी पाण्यावर झेपा घेताना दिसले किंवा मासे पाण्याबाहेर उड्या मारताना दिसले तर बाकी सगळं सोडून तिथे. १/१६ किंवा १/८ औंसाचा जिग, दोन इंची शेपटीवाला, पांढरा नाहीतर पोपटी, एकाच लाइनवर दोन, फूटभर अंतर ठेवून. काठावरून एवढे हलके जिग लांब जात नाहीत, म्हणून पुढे एक वजनदार फ्लोट लाव आणि त्याच्यामागे दोन-तीन फुटांवर जिग, लगेच फरक पडेल. रॉड हलका घे, ६ ते ८ पौंडी लाइन पुरते. थवा आला की दोन्ही जिगवर एकदम लागतात आणि पुढची दहा मिनिटं दुसरा विचार करायला वेळ मिळत नाही.

ओळखायला तोंड बघ. स्किपजॅकचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, तोंड मोठं, शिकारी माशाचं. गिझर्ड शॅडचं तोंड लहान आणि खाली वळलेलं, आणि त्याच्या पाठीवरच्या पराचा शेवटचा काटा लांब दोऱ्यासारखा मागे लोंबतो, स्किपजॅकला तो दोरा नसतो. पाठ हिरवट निळी आणि बाजू चंदेरी, दोन्ही रंग एकदम तुटक वेगळे दिसतात.

नंदाताई_नॅशव्हिल:
बादली विसर. हा मासा जिवंत ठेवणं फार कठीण, हातात घेतला की खवले गळतात, आणि बादलीत गोल गोल भिंतीवर आपटून थोड्या वेळात मरतो. आणि मेल्यावर कोमट पाण्यात पडून राहिला की तुझ्या त्या पाकिटातल्यासारखाच मऊ पडणार. मी सांगते ते कर, कूलरमध्ये बर्फ आणि थोडं पाणी, वर दोन-तीन मुठी खडे मीठ, असा गारेगार चिखल घरूनच तयार करून ने. गरीतून सुटला की सरळ त्यात. मीठ टाकलं की ते पाणी शून्याच्याही खाली जातं, मासा लगेच गार पडतो आणि ताठ राहतो. ब्लू कॅटफिश वासावर येतो आणि स्किपजॅकचं रक्त आणि तेल हेच त्याचं आमिष आहे, ते दोन तास उन्हात घालवलं तर मग एवढी धडपड कशाला केली?

कापताना खवले काढायचे नाहीत, धुवायचं तर अजिबात नाही. मुंडकं वेगळं कर, पोटातलं थोडं त्याला लटकलेलं राहू दे, बाकीचे दीड-दोन इंचाचे आडवे तुकडे. ८/० ची सर्कल हुक (टोक आत वळलेली गोल गरी) घे, तुकड्याच्या वरच्या कडेला पाठीच्या कातडीतून एकदाच आरपार, गरीचं टोक पूर्ण उघडं राहिलं पाहिजे, मांसात रुतून बसलं तर कॅटफिश लागतच नाही. मुंडकं लावायचं तर दोन्ही ओठांतून. मोठ्या माशासाठी मी मुंडकंच लावते, छोटे मासे ते कुरतडून संपवू शकत नाहीत. फ्लॅटहेड कॅटफिश हवा असेल तर मात्र हे सोड, त्याला जिवंत आमिषच जास्त आवडतं.

ओहायो_काठ:
मी लुईव्हिलला, मॅकअल्पाइन धरणाजवळ. आमच्याकडे रात्री पण पकडतात, पाण्यावर हिरवा दिवा सोडायचा, आधी किडे आणि बारके मासे जमतात, मग त्यांच्यामागे हे येतात, दिव्याच्या उजेडाच्या कडेकडेने फेकायचं, मध्यात नाही. थंडीत धरण सोडून वीज केंद्राचं गरम पाणी जिथे नदीत पडतं तिथे बघा, गर्दी असते. साबिकी म्हणजे ती एका लाइनवर पाच-सहा बारक्या गऱ्यांवाली दोरी मिळते ती पण चालते, पण किती गऱ्यांना परवानगी आहे ते राज्याच्या नियमपुस्तकात बघून घ्या, सगळीकडे सारखं नाहीये. आणि सहा मासे एकदम लागले की गुंता जो होतो तो सोडवेपर्यंत थवा निघून जातो, मला जिगच बरे.

शिंगाळा_टेनेसी:
ताई, गरीवाला दादा, खूप आभार. ॲप टाकलं, शनिवारी सकाळी खरंच शून्य पाणी होतं. बोटीने जवळ गेलो तर जास्त मिळतील का? आणि खाण्यासारखा आहे का हा मासा?

गरीवाला:
खायला नको, पाला माशासारखे (हिलसा) काटेच काटे आणि त्याची चव मात्र नाही. बोट असेल तर धरणाखाली लाइफ जॅकेट अंगात घालूनच जायचं, नुसतं बोटीत ठेवून नाही, टेनेसीत त्या खुणा केलेल्या पट्ट्यात तसा कायदाच आहे. भोंगा वाजला की पाणी सुटतंय समज, काठावर खडकांवर उभा असशील तरी वर सरक. ते पाणी किती पटकन चढतं ते बघणाऱ्यालाच कळतं. भोंगा ऐकूनही फोटो काढत उभी राहणारी माणसं बघितली की माझा जीव वर-खाली होतो.

शिंपला:
एक महत्त्वाचं राहिलं. तिथून जिवंत स्किपजॅक किंवा शॅड दुसऱ्या तलावात नेऊ नका. टेनेसी नदीच्या खालच्या भागात सिल्व्हर कार्प हा बाहेरचा उपद्रवी मासा शिरलाय, त्याची पिल्लं या माशांत मिसळली की पटकन ओळखू येत नाहीत (डोळा बघा, कार्पचा डोळा तोंडाच्या रेषेच्याही खाली असतो), म्हणून जिवंत नेण्यावर बंधनं आहेत. बर्फात मारून नेले की तो प्रश्नच येत नाही.

आणि लागतील तेवढेच घ्या. एबनीशेल नावाचा नदीतला शिंपला आहे, त्याची पिल्लं सुरुवातीला स्किपजॅकच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मिसिसिपीवर कीओककला १९१३ मध्ये धरण झालं, स्किपजॅकची वर जायची वाट अडली आणि वरच्या मिसिसिपीतून तो शिंपला जवळजवळ संपला, एकेकाळी त्याच्यापासून शर्टाची बटणं बनवायचे एवढा होता तिथे. मी नदीत शिंपले बघत फिरतो म्हणून हे डोक्यातून जात नाही. कूलर भरला तरी चावतायत म्हणून ओढत बसणारे बघितलेत, नंतर अर्धे काठावर टाकून जातात, फार वाईट वाटतं.

नंदाताई_नॅशव्हिल:
अगदी बरोबर. आणि उरलेच तर टाकू नका, एका वेळी लागतील तेवढे वेगळे करून, कोरडे पुसून, हवा काढलेल्या पिशवीत अख्खेच फ्रीज करा, तुकडे करून नाही. वापरताना पूर्ण वितळू द्यायचे नाहीत, अर्धवट गोठलेले असतानाच कापायचे, तुकडा घट्ट राहतो आणि गरीवर टिकतो. पाकिटावर तारीख लिहा, फ्रीझरमध्येही तेल हळूहळू खवट होतं, जुने आधी संपवायचे.