डोंगराळ ट्रायथलॉन: गिअर आणि घाटाचा सराव

प्रश्न: कॉलेजची टीम डोंगराळ ऑलिम्पिक ट्रायथलॉनला (१.५ किमी पोहणे, ४० सायकल, १० धावणे) उतरतेय. सायकलींना पुढच्या दोन चक्रांना ५३/३९ दात, मागच्या चक्रांना ११ ते २५. चालेल? नाशिकजवळ चढ कुठे? सायकलवरून उतरलं की पोटऱ्या आखडतात.

घाटवाला: नाही चालणार. आठ टक्के चढावर ताशी दहाच्या वेगाला ३९/२५ वर (पुढे ३९, मागे २५ दात) पॅडल मिनिटाला जेमतेम ५० फिरतं, मांड्या तिथेच संपतात. ३४/३२ वर त्याच वेगाला पॅडल मिनिटाला सत्तरच्या पुढे फिरतं. पुढे ५०/३४, मागे ११-३२ घ्या. मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) केज, म्हणजे चेन ताणून धरणारा दांडा, आखूड असेल तर ३२ दात बहुधा झेपत नाहीत, मधला केज लागतो. चेनही नवी, लांबी मोजून. जुनी नव्या कॅसेटवर (मागच्या चक्रांचा संच) उड्या मारते.

पेडल४२२: नांदुरी ते सप्तशृंगगड. पहाटे जा, चैत्र-नवरात्रात नकोच. कसारा घाटात ट्रक फार, टीम घेऊन तर अजिबात नको. पोटऱ्यांसाठी गड उतरून नांदुरीत लगेच शूज बदला, १५ मिनिटं छोट्या पावलांनी धावा. आठवड्यातून एकदा पुरे.

घाटवाला: उतारावर ब्रेक धरून ठेवू नका, रिम (चाकाची कड) तापते. वळणाआधी दोन्ही दाबा, वळणात सोडा. आणि खाणं चढ लागण्याआधी. चढावर धाप लागली की घास उतरत नाही.