उसाच्या ट्रॉलीमागे लाल पट्टी: लावून घेणार कोण?

दुसरी_पाळी (मोहोळ)
चिंचोळी एमआयडीसीतून सुटेपर्यंत अकरा वाजून गेलेले असतात. पुणे हायवेने मोहोळ, तिथून वैरागच्या रस्त्याला आत गाव. धुराडी पेटली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्यांचा हंगाम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, रस्ता ट्रॅक्टरवाल्यांचा. एकाला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. चालतीचं एक वेळ जमतं, टेपच्या आवाजावरूनच कळतं पुढं कोण आहे ते. भीती उभ्या ट्रॉलीची. टायर फुटला की जाग्यावर सोडून जातात, मागं चार दगड आणि बाभळीचा फाटा. फाटा दिसतो तेव्हा आपण त्याच्यावरच असतो. टायर बदलून गेले तरी दगड तिथंच!

समोरचा अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) मारत आला की दोन सेकंद काही दिसत नाही. ताशी ६० ने दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते, ब्रेकवर पाय पडायच्या आधी.

ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर पाहिजेत हे नियमात आहेच. मग लावून कोण घेणार? आरटीओ, पोलीस, कारखाना की मालक? कुणाच्या भागात खरंच झालंय का, तेवढं सांगा. ‘सावकाश जा’ हा सल्ला नको, तो घरी रोज मिळतो.

ट्रॅक्टरवाला_माढा
मालक म्हणून बोलतो. पट्टीला माझी ना नाही, पण टिकत नाही. फडात ट्रॉली चिखलात जाते, भरताना मोळ्या घासतात, निम्मी पट्टी निघून जाते. दोन ट्रॉल्यांमधली दिव्याची वायर तर पहिल्याच खड्ड्यात निसटते. आणि लोखंडावर लावलेलं सगळं लोंबणाऱ्या उसाखाली झाकतं.

मी पत्र्याच्या दोन पाट्या करून त्यावर लाल पट्टी चिकटवली, तारेचे हुक लावले. भरणी झाली की पाटी शेवटी उसालाच अडकवायची, रिकामी करताना काढून सीटखाली. ड्रायव्हर बीडकडचा पोरगा, आधी हसला. त्याचे पैसे खेपेवर, त्यामुळं दोन मिनिटं थांबून पाटी लावणं त्याच्या जिवावर येतं, हेही खरं. मी ओरडतो म्हणून लावतो. सगळे मालक ओरडत बसणार नाहीत.

काट्यावरचा_माणूस
नोकरी कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली म्हणून सांगतो. पोलिसांनी रस्त्यावर ट्रॉल्या अडवून काय होणार? एक अडवली की मागं रांग, अंधारात तो अजून मोठा धोका. पण भरलेली ट्रॉली कुठल्याही फडातून निघो, काट्यावर येतेच. तिथंच ठरवायचं: पाटी नाही, तर वजन नाही. यार्डात रांगेतला नंबर गेला तर ड्रायव्हरची खेप जाते. मग मालकाला ओरडावं लागणार नाही.

कारखाने हे का करत नाहीत? जिल्ह्यात कारखाने उदंड, उसाची पळवापळवी. एकानं अडवलं की ट्रॉली शेजारच्याकडं. चेअरमन म्हणणार, आधी त्यांना सांगा की ओ. म्हणून आदेश सगळ्यांना एकाच दिवशी पाहिजे. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तिथं मागा. मोळी टाकायच्या, म्हणजे हंगाम सुरू करायच्या दिवशी चार ट्रॉल्यांना पट्ट्या लावून फोटो काढतात, तो कार्यक्रम वेगळा.

अजून एक. सरकारी हिशेब ब्लॅकस्पॉटचा. म्हणजे साधारण ५०० मीटरचा तुकडा, तिथं तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. वाईट वळण शोधायला हे माप चांगलं. पंक्चर ट्रॉली आज कोंडीला, उद्या सावळेश्वरला. ती कुठल्या यादीत बसणार?

बार्शीकर
आदेश निघेल की, मार्चमध्ये. तोवर पट्टा पडलेला असेल.

सिस्टर_सोलापूर
अपघात विभागात ड्यूटी करते. ट्रॉलीचं तुम्ही बघा, मी डोक्याचं सांगते. कितीतरी जण हेल्मेट घालतात आणि पट्टा उघडा ठेवतात. पडल्यावर हेल्मेट रस्त्यावर राहतं, माणूस आमच्याकडं येतो. पट्टा लावा.

आणि कुणी पडलेलं दिसलं तर १०८ ला फोन करून थांबा. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी कलम १३४अ आलं. लोक अजूनही पोलिसांच्या चकरांना भिऊन पुढं निघून जातात. राष्ट्रीय महामार्गावर उभी ट्रॉली किंवा दगड दिसले तर १०३३ ला कळवा.

दुसरी_पाळी (मोहोळ)
काट्याचं पटलं. पण काटेवाले काका, परत जाताना रिकामी ट्रॉलीही तशीच अंधारात असते. पाटी तर सीटखाली गेलेली. तिचं काय?

काट्यावरचा_माणूस
रिकामीचंही वजन होतं ना. त्याशिवाय उसाचं निव्वळ वजन निघणार कसं? तिथं दुसऱ्यांदा बघायचं. रिकाम्या ट्रॉलीला ऊस झाकत नाही, तेव्हा पाटी मागच्या लोखंडाला अडकवता येते. अर्जात दोन्ही वजनं लिहा, नाहीतर एकच धरतील.

दुसरी_पाळी (मोहोळ)
लिहितो. बार्शीकरांचं ऐकून अर्ज मोळी पडायच्या आधीच देतो. रस्त्यावर राहिलेल्या दगडांचाही मुद्दा घालतो, टायर बदलला की दगड उचलायची जबाबदारी वाहतूक ठेकेदाराची. माढ्याचे दादा, पाटीचा फोटो आणि माप टाका, अर्जाला जोडतो. हुक कितीच्या तारेचा लावलाय तेही सांगा.