मधुमेह आणि डॉक्टरांचा आधार: तुमचा अनुभव काय?

मला टाइप २ मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. गोळ्या, पथ्य, चालणं यावर सल्ले द्यायला माणसं कमी नाहीत, म्हणून ते इथे नको. मला विचारायचंय ते एवढंच: या दुखण्याचा मनावर जो ताण येतो, त्यात डॉक्टरांची मदत झाली का? कशाने झाली? झाली नसेल तर तेही लिहा, फक्त डॉक्टरांचं किंवा दवाखान्याचं नाव टाकू नका.

सुरुवात मीच करतो. पहिली सहा वर्षं मी डायरीत खोटे आकडे लिहायचो. तपासणीच्या आदल्या रात्री दोन वेगळी पेनं घेऊन बसायचं (हो, एवढी तयारी!) आणि महिन्याभराच्या नोंदी एका बैठकीत उरकायच्या. ११०, १२०, १३०. नव्या डॉक्टरीणबाईंनी डायरी चाळली आणि शेजारी रिपोर्ट ठेवला. एचबीए१सी ९.२. या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, आणि ९.२ म्हणजे साखर सरासरी २१७च्या आसपास. चोरी पकडली गेली होती. त्यांनी डायरी मिटली. म्हणाल्या, "तुमची प्रत्येक नोंद शून्यावर संपते. कुणाला घाबरता एवढं?" पन्नाशीचा माणूस मी, डोळेच भरून आले. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "मला हे आकडे औषध ठरवायला लागतात. मी मार्क देत नाही."

*

माझ्या मुलीला नवव्या वर्षी टाइप १ निघाला. सगळे मलाच विचारायचे, खाऊ फार द्यायचीस का? मीही रात्र रात्र तेच उगाळायची. डॉक्टरांनी कागदावर स्वादुपिंड काढून दाखवलं. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, यात तुमच्या खाऊचा संबंध नाही, हे त्यांनी त्या दिवशी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझ्या सासूबाईंकडे बघून! तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

त्यांची आणखी एक गोष्ट. ते खुर्ची मुलीकडे वळवून बसतात आणि आधी तिच्याशी बोलतात. शाळा, मैत्रिणी, मग शुगर. माझा नंबर शेवटी.

*

आमचे डॉक्टर स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाले, "असंच चाललं तर पाय जाईल." मी दीड वर्ष कुठल्याच डॉक्टरकडे गेलो नाही. बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

*

सतरा वर्षं गोळ्यांवर होते. इन्सुलिन सुरू करू म्हटल्यावर वाटलं, संपलं, नापास झाले. डॉक्टर म्हणाले, टाइप २मध्ये वर्षागणिक स्वादुपिंडाची ताकद कमी होत जाते, तुम्ही नीट वागलात तरी. मग कोरी सुई उघडून स्वतःच्या पोटाला टोचून दाखवली. "झालं. एवढंच." मी हसले. पहिलं इंजेक्शन तिथेच, त्यांच्यासमोर घेतलं.

*

मी टेबलाच्या पलीकडे बसतो, डॉक्टर आहे. डोस शिकलो, गुंतागुंत शिकलो; समोरचा रडायला लागला तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही. बराच काळ मी अशा वेळी रिपोर्टच पुन्हा वाचायचो.

नंतर पेड नावाची प्रश्नावली वापरायला लागलो. मधुमेहामुळे कशाकशाचा जाच होतो, असे वीस प्रश्न. शंभरपैकी चाळीस किंवा जास्त आले तर ताण गंभीर समजायचा. माझा एक पेशंट, एचबीए१सी ६.८, मी दर वेळी "छान" म्हणून पाठवायचो. त्याचे गुण चाळीसच्या बरेच वर. विचारलं तेव्हा कळलं की झोपेत साखर उतरेल या भीतीने तो रात्री तीनदा उठून बोट टोचतो. एकदा ५२ झाली होती, घरी एकटा होता. मला सांगितलं नव्हतं, कारण मी "छान" म्हणत होतो ना! आम्ही रात्रीचं इन्सुलिन थोडं कमी केलं, साखर ७०च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे लिहून दिलं. पुढचा एचबीए१सी ७.३ आला. माझ्या मते तोच रिपोर्ट चांगला.

*

थोडं वेगळं मत. मला डॉक्टरकडून मायेची अपेक्षा नाही. डोस बरोबर सांगा, प्रश्नाला सरळ उत्तर द्या, रांगेत दोन तास बसवू नका. रडायला मला बहीण आहे.

*

वरच्या मताशी अर्धी सहमत. पण "प्रश्नाला सरळ उत्तर" हासुद्धा आधारच की! एकदा फास्टिंग (सकाळची उपाशीपोटीची साखर) विनाकारण १९० आली. मी विचारलं, माझं काय चुकलं? डॉक्टर म्हणाल्या, "पहाटे काही हार्मोन वाढतात, त्याने चढते. ताणानेही चढते. कधी कधी मलाही कारण सापडत नाही." त्या शेवटच्या वाक्यानंतर मी पहिल्यांदा शांत झोपले.

*

धागा काढणाऱ्या दादांना: माझी उद्या सकाळची वेळ आहे. डायरीची दोन आठवड्यांची पानं कोरी आहेत. पेन हातात घेतलं होतं. कोरीच नेतोय.