एक्स्चेंज २०१६ या मेल सर्व्हरवर अडकलोय. नवीन आवृत्तीची वाट बघू की आत्ताच हलू?

हळकुंड_सांगली (मे २०२५)

नमस्कार मंडळी. गणपती पेठेत हळदीच्या पेढीवर आहे. मूळचा मी अकाउंटचा, पण टॅली येतंय म्हटल्यावर कॉम्प्युटरही गळ्यात पडले ते आजतागायत. ६२ मेलबॉक्स, एक्स्चेंज सर्व्हर २०१६, खाली विंडोज सर्व्हर २०१६, रॅम ३२ जीबी. मशीन दुसऱ्या मजल्यावर आहे. २०१९ च्या पुरात आम्ही चौघांनी जिन्यानं वर चढवलं, ते परत खाली आलंच नाही.

१४ ऑक्टोबरला एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट संपतोय. त्याच दिवशी विंडोज १० चाही, म्हणजे खालची निम्मी पीसीही आलीच. एक्स्चेंजची पुढची आवृत्ती, 'सबस्क्रिप्शन एडिशन', जुलैनंतर लवकरच येणार म्हणतात. पण ही आधी २०२१ मध्ये येणार होती. मग २०२२ मध्ये सांगितलं की २०२५. मी तेव्हा थोरल्या मालकांना मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो, "२०१९ नको, पुढचीच घेऊ." तेव्हापासून दर पाडव्याला वहीपूजन झालं की पेढा हातात देताना विचारतात, "आली का रे तुझी नवीन?" लग्न न जमणाऱ्या पोराला विचारावं तसं.

त्यात नावातच सबस्क्रिप्शन. मालकांच्या हिशेबात वस्तू एकदा घ्यायची आणि ती आपली. "दरवर्षी पैसे द्यायचे म्हणजे भाड्यानंच की!" क्लाउडचं नाव काढायची सोय नाही.

आणखी एक. थोरल्यांचा मेलबॉक्स ४८ जीबी आहे. प्रत्येक लॉटचं हळकुंड फोडून आतल्या रंगाचा फोटो मेलवर येतो, आणि त्यातला एकही ते काढू देत नाहीत. एकदा घेणारा "रंग फिका होता" म्हणून अडला, तर यांनी तीन वर्षांपूर्वीच्या मेलमधला फोटो उघडून समोर धरला. गडी गप. त्यामुळे "मेल कमी करा" हे मी परत बोललेलो नाही.

तर थांबू का? की २०१९ वर जाऊ आणि चार महिन्यांनी परत तेच करू?

रॅकवाला_सातारा

थांबू नका. ज्याची वाट बघताय ती आतून नवी नाहीच. पहिली एसई (सबस्क्रिप्शन एडिशन) म्हणजे २०१९ चं सीयू१५च असणार; सीयू म्हणजे वेळोवेळी येणारं एकत्रित अपडेट. लायसन्सचा करार, नाव आणि बिल्ड नंबर तेवढे बदलणार.

तुमचं खरं काम वेगळंच आहे. २०१६ जागच्या जागी अपग्रेड होत नाही, आज जा नाहीतर ऑक्टोबरात. नवं मशीन, त्यावर विंडोज सर्व्हर २०२२ किंवा २०२५, आणि मेलबॉक्स एकेक करून तिकडं. विंडोज सर्व्हर २०१६ वर ना एक्स्चेंज २०१९ बसतं ना एसई. २०१९ वर सीयू१४ किंवा १५ असलं की पुढं एसई मात्र नेहमीचं सीयू टाकतो तशीच बसते. म्हणजे घाम एकदाच गाळायचा. तो आत्ता गाळा, ऑक्टोबरात सगळेच एकदम उठतील.

दोन गोष्टी बघून घ्या. जुना सर्व्हर सीयू२३ वर आहे का? आणि २०१९ घेताना सॉफ्टवेअर अॅश्युरन्ससकट (पुढच्या आवृत्तीचा हक्क देणारा करार) घ्या, सर्व्हरला पण आणि कॅलला (वापरणाऱ्यांच्या लायसन्सला) पण, नाहीतर एसईवर हक्क नाही. मालकांना भाडं म्हणू नका, सांगलीच्या माणसाला पटणार नाही. विमा म्हणा.

रॅम कागदावर १२८ जीबी सांगतात. आमचे ८० मेलबॉक्स ६४ वर चालतात. घ्या असं म्हणत नाही, चालतात एवढंच सांगतो.

मिरज_जंक्शन

क्लाउडवर जा आणि मोकळे व्हा. आम्ही गेलो. रविवारी फोन येत नाही.

हळकुंड_सांगली

दादा, तुमचं खरं आहे. पण आमच्या गल्लीत रस्ता उकरला की फायबर तुटते, आणि रस्ता कायम उकरलेलाच असतो. आत्ता निदान आतल्या आत तरी मेल फिरतात.

विट्याची_ताई

भाऊ, लॉगच्या ड्राइव्हकडं (सर्व्हर प्रत्येक बदलाची नोंद जिथं लिहितो) लक्ष ठेवा. ५० जीबीचा मेलबॉक्स नव्या सर्व्हरवर गेला की साधारण तेवढेच लॉग तिथं तयार होतात, आणि बॅकअप झाल्याशिवाय ते जात नाहीत. मी शुक्रवारी रात्री चाळीस मेलबॉक्स एकदम लावले आणि खुशाल घरी गेले. पहाटे ड्राइव्ह भरून डेटाबेस डिसमाउंट, म्हणजे मेल बंद. शनिवारी पगाराचे मेल जायचे होते. चूक माझीच.

रोज पाच-सहाच हलवा आणि रोज बॅकअप घ्या. थोरल्यांच्या मेलबॉक्सला 'सस्पेंड व्हेन रेडी टू कम्प्लीट' लावा. मागच्या मागं कॉपी होत राहील, ९५ टक्क्यांवर थांबेल. ते जेवायला उठले की रिझ्यूम करा.

हळकुंड_सांगली (ऑगस्ट २०२५)

सांगायला उशीर झाला. जूनमध्ये २०१९ चढवलं, ६४ जीबीवर. विम्याची मात्रा लागू पडली; मालक म्हणाले, "मग आधीच तसं सांगायचं." ताईंचं ऐकून रोज सहा मेलबॉक्स हलवले. थोरल्यांचा तीन दिवस ९५ वर धरून ठेवला, कारण ते जेवायलाच उठेनात, सौदे चालू होते. चौथ्या दिवशी घरी पुरणपोळी होती म्हणून लवकर गेले. त्यांच्या मागं रिझ्यूम केलं. आल्यावर आउटलुकनं एकदा बंद करून उघडा म्हटलं, तेवढंच त्यांना कळलं.

एसई १ जुलैला आली. मी महिनाभर दम धरून मागच्या रविवारी टाकली. सोमवारी मालकांना बोलावून दाखवली. त्यांनी चष्मा लावून स्क्रीन बघितली. "हेच तर होतं की आधी!" चार वर्षं वाट बघायला लावल्यावर काय बोलणार, मी चहा सांगितला.

आता २०१६ चं मशीन रिकामं आहे. नुसतं बंद करून ठेवलं तर चालेल ना?

रॅकवाला_सातारा

अजिबात नको. बंद केलं तरी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (नेटवर्कमधल्या युजर-मशीनच्या नोंदवहीत) ते एक्स्चेंज सर्व्हर म्हणून राहतंच. एसईचं सीयू१ येईल तेव्हा २०१६ किंवा २०१९ शिल्लक असलं तर सेटअप पुढं जाणार नाही, हे आधीच जाहीर केलंय. आर्बिट्रेशन मेलबॉक्स (एक्स्चेंजचे स्वतःच्या कामाचे), सेंड कनेक्टर (मेल बाहेर जायची वाट) हलवलेत का बघा. स्कॅनर आणि प्रिंटर अजून जुन्याच आयपीवर मेल टाकत असतील, तेही बघा. मग कंट्रोल पॅनलमधून रीतसर अनइन्स्टॉल.

हळकुंड_सांगली

गोदामातला स्कॅनर जुन्यावरच निघाला, बरं सांगितलंत. उद्या रात्री काढतो. मशीन मात्र वरच राहणार. भंगारात घालायचं असलं तरी ऑगस्ट सरेपर्यंत तळमजल्यावर काही आणायचं नाही, असं मालकांनी बजावलंय.