मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या मासोळ्या अन् पाखरं : तुमचे अनुभव सांगा

तुडुमकाठी:
काल बाजारात ढिवरीणबाईच्या टोपल्यात मरळ दिसली. जिवंत, शेपूट आपटत होती. लहानपणचा तलावच डोळ्यापुढं आला. पावसाळ्यात काठाशी लालभडक पिल्लांचा गोळा वर यायचा, श्वास घेऊन गप्पकन खाली. आईबाप खाली पहाऱ्यावर. काडी घातली की पाणी उसळलंच समजा. आबाजी तेव्हा गळ टाकू द्यायचे नाहीत. आता भाव विचारला अन् गपचूप कतला घेऊन घरी आलो. तुमच्याकडच्या तलावात काय काय होतं?

बोडीवाला:
चढणीच्या मासोळ्या!! पहिला दणकून पाऊस झाला की बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मागूर. हातानं धरायची, पण काटा लागला त बोट सुजते बाप्पा. आमचे पोट्टे आता मोबाइलात.

वऱ्हाडकर:
तुमचं बरं आहे जी. आमच्याकडं लोणारचं सरोवर, पण त्या खारट पाण्यात मासाच नव्हता. 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा सारे पाव्हणे घरी फोन करू लागले, जसं काही आम्हीच रंग टाकला.

धानाची_सून:
गोंदियाकडं आमच्या बांधीत सारसानं घरटं केलं होतं. दोन अंडी. सासऱ्यांनी तेवढ्या भागात निंदणच करू दिलं नाही. मी डबा घेऊन गेले तर माणसाएवढा पक्षी पंख पसरून अंगावर! डबा तिथंच. कुकर झाला, येते नंतर.

पुरीयात्री:
जगन्नाथपुरीहून चिल्का पाहिलं. तलाव म्हणून गेलो, समोर समुद्रच वाटला, पण नावाडी बांबू टेकवत नाव ढकलत होता इतकं उथळ. इरावती डॉल्फिनची पाठ तेवढी दिसली, फोटोत नुसतं पाणी. तो म्हणे, समुद्राकडचं तोंड गाळानं बुजत आलं तशी मासोळी घटली. 2000 साली नवं तोंड खोदलं, तेव्हा परत वाढली.

बोडीवाला:
@पुरीयात्री खाल्लं काय ते सांगा ना!

पुरीयात्री:
खेकडा. आईनं पाहून तोंड फिरवलं.

गाळपेर:
आमच्या तलावात ठेकेदारानं ग्रासकार्प सोडला. पाण्याखालचं गवत साफ! त्या गवतातच मरळ अंडी घालायची, अडया (रानबदकं) हिवाळ्यात तिथंच चरायच्या. रोहू-कतला उभ्या पाण्यात अंडी देत नाहीत, म्हणजे मासोळीचं बीज दरसाल विकत आणा. मरळीला कोणी बीज टाकलं होतं काय? ढिवर बुढे सांगत होते, ऐकते कोण. वरून काठानं बेशरमाची झुडपं माजली, जाळं टाकायलाही जागा नाही.

तुडुमकाठी:
अगदी हेच आमच्याकडं. बेशरम मुळासकट उपटा, कापली त दुप्पट येते.

धानाची_सून:
आले परत. आज झिंगे-वांगे केले.

वऱ्हाडकर:
ताई, झिंगे सुकेच ना? वांगं कोणतं?

धानाची_सून:
सुके. वांगं हिरवं काटेरी. झिंगे आधी कोरडे भाजा, नाहीतर शेजारीण दार लावून घेते.