अनुभव धागा: वृत्तालेख (पाय चार्ट, म्हणजे वर्तुळाच्या पाकळ्यांनी वाटे दाखवणारी आकृती) काढताना झालेले घोळ

काल लेकीचा बीजगणिताचा गृहपाठ बघत होते. घरखर्च १८,००० रुपये, त्यात किराणा ७,०००. किराण्याचा केंद्रीय कोन (त्या पाकळीचा वर्तुळाच्या मध्याशी होणारा कोन) काढा. ७,००० भागिले १८,००० गुणिले ३६०, म्हणजे १४० अंश. उत्तर बरोबर, पण आकृतीत किराण्याची पाकळी ४० अंशांची! कोनमापकावरचे दुसऱ्या ओळीतले आकडे वाचले होते. शाळेत मीही हेच करायचे. तुमचे किस्से येऊ द्या.

पाटीपेन्सिल: आमचे सर कोनमापक हातात घेण्याआधी विचारायचे, "काटकोनापेक्षा मोठा की लहान?" त्यामुळे १४० चे ४० कधी झाले नाहीत. माझा घोळ वेगळा. सगळे कोन पहिल्याच त्रिज्येपासून मोजले. पाकळ्या एकमेकींवर चढल्या नि निम्मं वर्तुळ मोकळं! मागची पाकळी जिथे संपते तिथेच पुढचा शून्य ठेवायचा, हे कळेपर्यंत घटक चाचणी होऊन गेली.

खडूवाला: मी शिकवतो. एकदा वर्गातलीच माहिती घेतली. ३५ मुलं: चालत १३, सायकल ९, एसटी ७, रिक्षा ६. कोन आले १३४, ९३, ७२, ६२. बेरीज ३६१! एसटीचे नेमके ७२, बाकी तिन्ही कोन पूर्णांक करताना वर सरकले होते. जास्तीचा अंश कुणाचा कापायचा यावर भांडणं. सायकलचा कोन मुळात ९२.५७, म्हणजे सगळ्यात ओढूनताणून वर गेलेला तोच. म्हणून त्याचे ९२ केले. सायकलवाले अजून नाराज आहेत.

बांगडी: कर्कटक घरी राहिला, म्हणून परीक्षेत हातातली बांगडी ठेवून वर्तुळ काढलं. झकास गोल. पण केंद्रबिंदू? घामच फुटला. मग दोन जीवा काढल्या, पट्टीने मध्य घेतले, गुण्याने लंब टाकले. भेटले तिथे केंद्र. आयुष्यात भूमिती उपयोगी पडली ती तेवढीच.

फायलीतला: 'कोणती पिकं घेता?' या प्रश्नाला शेतकरी सोयाबीनही सांगतो, तूरही. टक्क्यांची बेरीज शंभराच्या बरीच वर. साहेबांना वृत्तालेखच हवा. एक्सेल तर बिनतक्रार काढून देतं! मी गुपचूप स्तंभालेख दिला.

(धागाकर्ती) लेकीने हिशेब लावलाय: १८,००० भागिले ३६०, एक अंश म्हणजे ५० रुपये. आज पाणीपुरीसाठी अर्धा अंश मागितला.