जिमनीला २३५ चे टायर टाकू का?

घाटवेडा: मंडळी, मारुतीची जिमनी (छोटी ४x४), मॅन्युअल, जूनमध्ये पुणे ते लडाख. कंपनीचे १९५/८० आर१५ (रुंदी मिमीत / बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, मग रिम इंचात) काढून २३५/७५ आर१५ टाकायचं डोक्यात आहे, गिअर रेशो बदलावा लागेल का?

चिखल्या: अरे हिशोब कर ना, जुना टायर ६९३ मिमी उंच, नवा ७३३, म्हणजे जवळपास ६ टक्के, तेवढे सगळेच गिअर लांब होणार, म्हणजे ओढ कमी, आणि वर लडाखच्या खार्दुंग ला खिंडीत हवा विरळ, टर्बो नाही, चढाला पहिल्यातच रडेल गाडी. स्पीडोमीटरही खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवेल ते वेगळंच.

डबकं: २१५/७५ घे, दीडच टक्का फरक. रेशोसाठी क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधले चाकं फिरवणारे गिअर) बदलायचे तर ४x४ असल्याने पुढचे-मागचे दोन्ही एकाच रेशोचे लागतात, बिल बघून घाम फुटेल!

घाटवेडा: बरं, २१५ च. स्टेपनी जुनीच चालेल?

चिखल्या: नको रे, तीही त्याच मापाची घे.